ख्रिस्ती श्रद्धा आणि स्त्रीवाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न बायबल अभ्यासवर्गांत, उपासनेनंतरच्या बोलण्यात आणि कित्येकदा एकट्याने गाठून हळू आवाजात विचारले गेलेले आहेत. काही प्रश्न विचारणाऱ्यांना स्त्रीवादाची भीती वाटते, तर काहींना मंडळीचीच, म्हणजे चर्चचीच, भीती वाटू लागली आहे. उत्तरे देणारी मी तटस्थ नाही. स्त्री-पुरुष समता ही सुवार्तेला, म्हणजे येशूच्या संदेशाला, न जुळणारी भर नसून तिच्यातूनच निघणारी मागणी आहे असे मी मानते, आणि ती मागणी मंडळीत राहूनच करते. जिथे बायबलचे वचन कठीण आहे तिथे ते कठीण आहे असेच म्हटले आहे.

ख्रिस्ती असून स्त्रीवादी असता येते का, की दोहोंतून एकाची निवड करावीच लागते?

असता येते. स्त्री ही पूर्ण माणूस आहे आणि तिच्या माणूसपणाला कमी लेखणारी व्यवस्था बदलली पाहिजे, हा स्त्रीवादाचा गाभा आहे. देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचे, नर व नारी असे निर्माण केले, हे बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे, आणि तेथे प्रतिरूपाची वाटणी कमी-जास्त केलेली नाही. संघर्ष मात्र खरा आहे, आणि तो नाकारणाऱ्यांचे मला पटत नाही. तो मुख्यतः तीन ठिकाणी होतो : वचनाचा अर्थ कोणी सांगायचा, मंडळीत अधिकाराचे पद कोणाला द्यायचे, आणि विवाहात अंतिम शब्द कोणाचा. बहुतेक वाद या तिन्हींपैकी एखाद्या ठिकाणी येऊन थांबतात.

स्त्रीवाद हा मंडळीबाहेरून आलेला, श्रद्धेला परका विचार नाही का?

इतिहास पाहिला तर हा आक्षेप टिकत नाही. इंग्लंडमधील क्वेकर पंथाच्या मार्गारेट फेल यांनी १६६६ मध्ये, स्त्रियांनी मंडळीत बोलणे शास्त्रसंमत आहे असे मांडणारी पुस्तिका लिहिली. त्या वेळी ‘स्त्रीवाद’ हा शब्दही नव्हता. अमेरिकेत सारा ग्रिम्के यांनी १८३८ मध्ये गुलामगिरीविरोधी कामाच्या ओघात स्त्रियांच्या समतेवर पत्रे प्रसिद्ध केली, आणि पतनानंतर, म्हणजे आदाम-हव्वेच्या पहिल्या पापानंतर, हव्वेला ऐकवलेले ‘तो तुझ्यावर स्वामित्व चालवील’ हे वचन म्हणजे आज्ञा नसून पापाच्या परिणामाचे भाकीत आहे, असा युक्तिवाद केला. साल्व्हेशन आर्मीच्या सहसंस्थापक कॅथरीन बूथ यांनी १८५९ मध्ये स्त्रियांच्या उपदेशसेवेच्या बाजूने लेखणी उचलली. जोसेफाइन बटलर यांनी प्रार्थनेच्या बळावर ब्रिटनमधील ज्या कायद्यांविरुद्ध लढा दिला, त्या कायद्यांनी वेश्याव्यवसायाच्या केवळ संशयावरून स्त्रियांची सक्तीने शारीरिक तपासणी होत असे. ते कायदे १८८६ मध्ये रद्द झाले.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. या स्त्रियांना सर्वांत कडाडून विरोध झाला तो व्यासपीठांवरून, आणि तोही बायबल हातात धरून.

उत्पत्तीत स्त्रीला ‘साहाय्यक’ म्हटले आहे. मग ती दुय्यम नाही का?

मूळ हिब्रू शब्द ‘एझेर’ असा आहे. जुन्या करारात तो २१ वेळा येतो आणि त्यांतील बहुतेक वेळा तो खुद्द देवासाठी, म्हणजे इस्राएलाचे साहाय्य करणाऱ्या परमेश्वरासाठी वापरलेला आहे. १२१ व्या स्तोत्रात डोंगरांकडे डोळे लावून ज्या साहाय्याची वाट पाहिली जाते, ते साहाय्यही याच शब्दाने व्यक्त होते. मराठीत ‘साहाय्यक’ म्हटले की हाताखालचा माणूस डोळ्यांसमोर येतो. हिब्रूत मात्र या शब्दातून अडचणीत धावून येणाऱ्या बळाची जाणीव होते. त्याला जोडून येणाऱ्या शब्दाचा अर्थ ‘त्याच्या समोरासमोर असणारी, त्याच्या जोडीची’ असा आहे.

‘स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे’ असे पौलाने स्पष्ट लिहिले असताना वाद कशाला?

कारण ज्या पत्रात हे वचन आहे, त्याच पत्रात पौलाने, म्हणजे नव्या करारातील अनेक पत्रांच्या लेखक-प्रेषिताने, याच्या उलट गृहीत धरलेले आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात, प्रार्थना करणाऱ्या व संदेश देणाऱ्या स्त्रीने डोके झाकावे असे तो सांगतो. स्त्रिया सभेत मोठ्याने प्रार्थना करीत व संदेश देत नसत्या, तर हे सांगण्याची गरज पडली नसती. त्यानंतर तीनच अध्यायांनी ‘गप्प राहावे’ ही आज्ञा येते. जो वाचक पहिले वचन विसरून दुसरेच उद्धृत करतो, तो पौलाशी प्रामाणिक राहिला असे म्हणता येणार नाही.

चौदावा अध्याय सलग वाचला की आणखी एक गोष्ट लक्षात येते. गप्प राहण्यासाठीचे जे ग्रीक क्रियापद तेथे आहे ते तीनदा आलेले आहे. अर्थ सांगणारा कोणी नसेल तर अन्य भाषेत बोलणाऱ्याने गप्प राहावे, दुसऱ्याला प्रकटीकरण झाले तर आधी बोलणाऱ्या संदेष्ट्याने गप्प राहावे, आणि मग स्त्रियांनी गप्प राहावे. पहिल्या दोन आज्ञांवरून कोणीही पुरुषांना जन्मभराचे मौन लादलेले नाही, कारण त्या सभेतील गोंधळ आवरण्यासाठी दिलेल्या सूचना आहेत हे सर्वांना समजते. तिसरी आज्ञा तेवढी कायमची ठरवण्यात आली. याशिवाय काही जुन्या हस्तलिखितांत ही दोन वचने अध्यायाच्या शेवटी आढळतात, आणि त्यामुळे ती समासातील टिपेतून नंतर मजकुरात आली असावीत असे काही अभ्यासक मानतात. मला स्वतःला हा शेवटचा तर्क शक्य वाटतो, पण समतेची सारी बाजू त्याच्यावर उभी करू नये असेही वाटते, कारण वचन नको म्हणून खोडले असा आरोप ओढवून घेण्याचे काहीच कारण नाही. सलग वाचन केले तरी उत्तर मिळते.

आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचे काय? तेथे तर ‘स्त्रीने पुरुषावर अधिकार चालवू नये’ असे आहे.

हे अधिक कठीण वचन आहे. दुसऱ्या अध्यायातील या भागात ‘अधिकार चालवणे’ असे भाषांतर झालेले ग्रीक क्रियापद संपूर्ण नव्या करारात एकदाच येते. अधिकारासाठी पौलाच्या पत्रांत नेहमी येणारा शब्द तो नव्हे. त्यात वर्चस्व गाजवण्याची, अधिकार बळकावण्याची छटा आहे की नाही यावर अभ्यासकांत खूप वाद झाला आहे आणि तो मिटलेला नाही. ज्या इफिस शहरातील मंडळीसाठी हे पत्र लिहिले गेले तेथे खोटी शिकवण पसरली होती, हे पत्रावरूनच दिसते. हे पत्र पौलाच्या हातचे नसून त्याच्या नंतरच्या पिढीतील असावे, असेही अनेक अभ्यासक मानतात.

तरीही आदाम आधी निर्माण झाला आणि हव्वा फसली, हे कारण लेखकाने दिलेले आहे, आणि ते केवळ स्थानिक परिस्थितीचे म्हणून सहज बाजूला सारता येत नाही. स्त्रीचे तारण बालकांना जन्म देण्याशी जोडणारे पुढील वाक्य तर कोणत्याही पक्षाला सोपे नाही, कारण तारण कृपेने विश्वासाद्वारे होते हे सर्वच मंडळ्या शिकवतात. म्हणजे जे लोक आधीचे वचन अक्षरशः घेण्याचा आग्रह धरतात, तेही त्याच्या नंतरचे वाक्य अक्षरशः घेत नाहीत. माझी भूमिका अशी आहे की, एका अवघड परिच्छेदाच्या उजेडात साऱ्या पवित्र शास्त्रातील स्त्रियांना पाहण्यापेक्षा, दबोरा न्याय करीत होती, हुल्दाने राजाच्या दूतांना देवाचे वचन सांगितले आणि प्रिस्किल्लेने अक्विल्लासह अपुल्लोला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला, या उजेडात तो परिच्छेद वाचावा. ज्यांना हे पटत नाही त्यांच्याशी मी वाद घालते, पण त्यांचा विश्वास खोटा आहे असे म्हणत नाही.

नव्या करारातील मंडळ्यांत स्त्रियांना खरोखर काही स्थान होते का?

रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय म्हणजे नुसती नावांची यादी आहे असे समजून तो बहुधा वाचलाच जात नाही. त्यात दहा स्त्रियांचा उल्लेख आहे. किंख्रिया येथील मंडळीच्या फिबीसाठी पौल जो ग्रीक शब्द वापरतो, तोच तो इतरत्र स्वतःसाठी व आपल्या सहकाऱ्यांसाठी वापरतो. मात्र पुरुषांच्या बाबतीत त्याचे भाषांतर ‘सेवक’ किंवा ‘डीकन’ असे पदाचे होते आणि फिबीच्या बाबतीत केवळ मदतनीस स्त्री असा अर्थ घेतला जातो. प्रिस्किल्ला व अक्विल्ला या दांपत्याचा नव्या करारात सहा वेळा उल्लेख आहे आणि त्यांतील चार वेळा पत्नीचे नाव आधी येते.

युनियाचे उदाहरण तर शिकवून जाणारे आहे. याच अध्यायात प्रेषितांमध्ये नामांकित असे जिच्याविषयी म्हटले आहे ती युनिया स्त्री होती, यात चौथ्या शतकातील योहान क्रिसोस्तोम यांना शंका नव्हती. त्यांनी तिची स्तुतीच केली आहे. पुढे मध्ययुगात व नंतरच्या भाषांतरांत तिचे ‘युनियास’ नावाच्या पुरुषात रूपांतर झाले, जरी असे पुरुषी नाव प्राचीन लेखांत कोठे सापडलेले नाही. स्त्री प्रेषित असूच शकत नाही हे आधी ठरले, आणि मग वचन त्यानुसार वाचले गेले.

येशूने बारा प्रेषित पुरुषच का निवडले?

स्त्रियांना धर्मगुरुपद न देण्यामागे रोमन कॅथोलिक चर्चचा मुख्य आधार हाच आहे. १९७६ च्या जाहीरनाम्यात आणि पोप जॉन पॉल दुसरे यांच्या १९९४ च्या पत्रात असे म्हटले आहे की, ख्रिस्ताने केलेली ही निवड बदलण्याचा अधिकार चर्चला नाही. हा युक्तिवाद स्त्री हीन आहे असे म्हणत नाही, हे न्यायाने नोंदवले पाहिजे. समतावादी उत्तर असे आहे की, बारा जण हे इस्राएलाच्या बारा वंशांचे चिन्ह होते. ते सर्व जण यहुदीही होते, पण पुढील सेवकांनी यहुदीच असावे अशी अट कोणी घातली नाही. शिवाय येशूबरोबर गावोगाव फिरणाऱ्यांत मरीया मग्दालिया, योहान्ना आणि सुसान्ना होत्या आणि त्या आपल्या पैशाअडक्याने सेवा करीत होत्या, हे लूक आठव्या अध्यायात सांगतो.

मरीया मग्दालिया पापी स्त्री होती ना?

शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्राच्या चार पुस्तकांत, तसे कोठेही म्हटलेले नाही. तिच्यातून सात भुते निघाली होती एवढेच लूक सांगतो. पोप ग्रेगरी पहिले यांनी ५९१ मध्ये एका प्रवचनात तिची, लूकच्या सातव्या अध्यायातील अनाम पापी स्त्रीची आणि बेथानीच्या मरीयेची सांगड घातली, आणि पश्चिमेकडील मंडळीच्या मनात ती तशीच रुजली. रोमन कॅथोलिक चर्चने १९६९ मध्ये आपल्या उपासना-दिनदर्शिकेत या व्यक्ती वेगळ्या केल्या आणि २०१६ मध्ये तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. पुनरुत्थानाची वार्ता शिष्यांना सांगण्यासाठी प्रभूने जिला पाठवले, तिची ओळख चौदाशे वर्षे एका चुकीच्या कहाणीने झाकली गेली. शिष्यांनी त्या सकाळी स्त्रियांचे बोलणे वायफळ मानले असे लूक लिहितो, ते मला नेहमी या संदर्भात आठवते.

देवाला ‘बाप’ म्हणणे सोडायचे का?

नाही. येशूने शिकवलेली प्रार्थना तशीच आहे, आणि अनेकींना त्या शब्दात आधार मिळतो. परंतु ‘बाप’ म्हणजे देव पुरुष आहे, असा अर्थ मंडळीने कधीच अधिकृतपणे घेतलेला नाही. चौथ्या शतकातील नाझियांझसचे ग्रेगरी यांनी अशा समजुतीची टर उडवली होती, आणि कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथात देव स्त्रीही नाही व पुरुषही नाही असे स्पष्ट म्हटले आहे. पवित्र शास्त्रात देव प्रसववेदना सोसणाऱ्या स्त्रीसारखा ओरडतो, आई मुलाचे सांत्वन करते तसे सांत्वन करतो, आणि येशू पिले पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा स्वतःला देतो. आत्म्यासाठीचा हिब्रू शब्द बहुधा स्त्रीलिंगी आहे, ग्रीक नपुंसकलिंगी, लॅटिन पुल्लिंगी. आपल्या मराठीत आत्मा पुल्लिंगी झाला तो व्याकरणामुळे. ज्या स्त्रीला स्वतःच्या वडिलांकडून मार खावा लागला, तिच्या ओठांवर ‘बाप’ हा शब्द येत नसेल, तर तिच्यासाठी ही इतर रूपे शास्त्रातच ठेवलेली आहेत, आणि त्यांतून प्रार्थना केल्याबद्दल तिला कोणी टोकू नये.

‘पत्नींनो, आपल्या पतींच्या अधीन असा’ हे वचन कसे वाचावे?

त्याच्या आधीच्या वचनापासून. इफिसकरांस पत्रात ‘ख्रिस्ताचे भय बाळगून एकमेकांच्या अधीन असा’ असे आधी येते, आणि सर्वांत जुन्या हस्तलिखितांपैकी काहींत पत्नींविषयीच्या वाक्याला स्वतःचे क्रियापदच नाही, ते आधीच्या वाक्यातून घ्यावे लागते. म्हणजे तेथे परिच्छेद तोडून मथळा घालणे हेच अर्थ बदलणारे आहे. त्या काळच्या घरगुती नियमावल्यांत पतीला कसे राज्य करावे हे शिकवले जाई. येथे त्याला प्राण देण्यापर्यंत प्रेम करण्यास सांगितले आहे. याच नियमावलीत पुढे दासांनी धन्यांच्या आज्ञा पाळाव्यात असेही आहे. त्यावरून गुलामगिरी ही देवाची कायमची योजना आहे असे आज कोणी म्हणत नाही, मग त्याच नियमावलीतील पतीचे स्वामित्व तेवढे कायमचे का ठरावे?

पती मारहाण करतो. पाळकांनी (मंडळीच्या धर्मसेवकांनी) ‘प्रार्थना कर, सहन कर’ असे सांगितले आहे. हेच ख्रिस्ती उत्तर आहे का?

नाही. आधी सुरक्षित जागी जावे, विश्वासातील माणसाला सांगावे, वैद्यकीय तपासणी करून घ्यावी आणि कायद्याची मदत घ्यावी. यांपैकी कोणतीही गोष्ट अविश्वास ठरत नाही. येशूचा वधस्तंभ हे त्याने स्वतः स्वीकारलेले दुःख होते. दुसऱ्याने लादलेली मारहाण हा कोणाचा वधस्तंभ नसतो. क्षमा हीदेखील गुन्हा लपवण्याची अट असू शकत नाही, आणि क्षमा केली म्हणून परत त्याच घरात राहायला जावे असेही नाही. जो पाळक मार खाणाऱ्या स्त्रीला अधीनतेचे वचन ऐकवतो आणि मारणाऱ्याला प्रेमाचे वचन ऐकवत नाही, तो अर्धेच वचन वाचतो. असा सल्ला घेऊन परत गेलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत, म्हणून या उत्तरात मी सौम्य शब्द शोधलेले नाहीत.

हा धोका घरापुरता नाही. धर्मगुरूंनी, काही बिशपांनीही, धर्मभगिनींचे लैंगिक शोषण केल्याचे पोप फ्रान्सिस यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीरपणे मान्य केले. मंडळीतील व्यक्तीविरुद्ध गुन्ह्याची तक्रार असेल तर ती केवळ मंडळीच्या समितीकडे देऊन थांबू नये.

आज कोणत्या मंडळ्यांत स्त्रियांना धर्मसेवकपदाची दीक्षा मिळते?

चित्र एकसारखे नाही. अँटोनेट ब्राउन यांना अमेरिकेतील एका काँग्रिगेशनल मंडळीने १८५३ मध्ये दीक्षा दिली. अँग्लिकन परंपरेत फ्लोरेन्स ली टिम-ओई या १९४४ मध्ये, युद्धाच्या काळात पुरुष धर्मगुरू पोहोचू शकत नव्हते तेव्हा, पहिल्या स्त्री धर्मगुरू झाल्या. युद्ध संपल्यावर दबावामुळे त्यांना सेवेचा परवाना परत करावा लागला. गरज असताना चालणारी स्त्री गरज संपताच नको होते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये पहिल्या स्त्री धर्मगुरूंना १९९४ मध्ये दीक्षा मिळाली आणि पहिल्या स्त्री बिशपांचा अभिषेक २०१५ मध्ये झाला. चर्च ऑफ साउथ इंडियात ई. पुष्पा ललिता २०१३ मध्ये बिशप झाल्या.

रोमन कॅथोलिक व ऑर्थोडॉक्स चर्चेसमध्ये स्त्रियांना धर्मगुरुपद नाही. मात्र वाचक व वेदीसेवक या सेवा २०२१ मध्ये कॅथोलिक स्त्रियांना औपचारिकपणे खुल्या झाल्या आणि २०२३ च्या सिनडमध्ये, म्हणजे बिशपांच्या जागतिक सभेत, स्त्रियांनी प्रथमच मतदान केले. उलट दिशेची वाटचालही घडते : लाटव्हियातील लुथरन चर्चने २०१६ मध्ये स्त्रियांची दीक्षा नियमानेच बंद केली.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण या चर्चेत का दिले जाते?

कारण त्यांनी श्रद्धा आणि स्वतंत्र विचार यांपैकी काहीच सोडले नाही. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर लगेचच त्यांचे तेथील धर्माधिकाऱ्यांशी खटके उडाले. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे बिशपांचे मत पडले, तेव्हा एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने झुगारल्यावर दुसरे तसलेच जू आपण मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी लिहिले. ख्रिस्ताला मात्र त्या अखेरपर्यंत धरून राहिल्या. आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. स्त्रीने वचनाचा अर्थ सांगावा की नाही हा वाद चालू असताना एका स्त्रीने सबंध वचनच आपल्या भाषेत आणले.

सर्व स्त्रियांचा प्रश्न एकच आहे का?

नाही, आणि हे उत्पत्तीतील हागारेच्या, म्हणजे अब्राहामाची पत्नी सारा हिच्या दासीच्या, कथेतून चांगले दिसते. तिला वाळवंटात जाण्यास भाग पाडणारी सारा हीसुद्धा स्त्रीच होती. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्री ईश्वरविज्ञानाभ्यासकांनी, विशेषतः डेलोरेस विल्यम्स यांनी, ही कथा मालकिणीच्या नव्हे तर दासीच्या बाजूने वाचली, आणि गोऱ्या, सुस्थित स्त्रियांचा स्त्रीवाद आपल्याला पुरत नाही असे सांगितले. बायबलमध्ये देवाला नाव देणारी पहिली व्यक्ती हीच हाकललेली दासी आहे : ‘पाहणारा देव’.

मंडळीतील वयस्क स्त्रियाच सर्वाधिक विरोध करतात. असे का?

त्यांच्याविषयी कठोर होऊ नये. ज्या चौकटीत त्यांनी चाळीस-पन्नास वर्षे निष्ठेने सेवा केली, ती चौकटच अन्यायाची होती असे ऐकताना आपले सारे आयुष्य चुकीचे ठरवले जात आहे असे त्यांना वाटते. त्यांच्यापाशी वाद मांडण्याआधी त्यांची सेवा मोजावी. महिला मंडळाने आजवर किती वर्गणी गोळा केली, किती आजाऱ्यांना भेटी दिल्या, रविवारच्या शाळेत कोणी शिकवले, आणि त्या पैशाचा व कामाचा निर्णय कोणाच्या सहीने झाला, हे त्यांच्याबरोबर बसून लिहून काढावे. पुष्कळदा त्यापुढे मला काही बोलावेच लागत नाही.

मंडळी सोडावी की राहावे?

दोन्ही वाटांनी प्रामाणिक स्त्रिया गेल्या आहेत. ईश्वरविज्ञानाभ्यासक मेरी डेली यांनी १९७१ मध्ये हार्वर्डच्या चर्चमध्ये उपदेश देतानाच उपस्थितांना बाहेर पडण्याचे आवाहन केले आणि त्या पुन्हा परतल्या नाहीत. त्यांच्याच पिढीतील रोझमेरी रॅडफर्ड रूथर कठोर टीका करीत कॅथोलिक चर्चमध्येच राहिल्या. जिथे जीव, शरीर वा मन धोक्यात आहे, तेथून निघून जाणे योग्यच आहे.

राहणाऱ्यांसाठी मी जुन्या करारातील गणना या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायाकडे बोट दाखवते. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, दर्शनमंडपाच्या दारापाशी सर्व लोकांसमोर उभ्या राहिल्या आणि पुत्र नाही म्हणून आमच्या बापाचे नाव का पुसावे, आम्हाला वतन द्या, असे म्हणाल्या. मोशेने प्रश्न देवापुढे नेला, आणि या मुलींचे म्हणणे बरोबर आहे असे उत्तर आले. नियम बदलला. पुढे ३६ व्या अध्यायात वंशाच्या प्रमुखांनी त्यांच्या विवाहावर बंधने घालून घेतली हेही लपवू नये. मिळालेला हक्क आकुंचित करण्याचे प्रयत्न तेव्हाही झाले.

माझी नऊ वर्षांची मुलगी विचारते, ‘मी मोठी झाल्यावर पाळक होऊ शकेन का?’ तिला काय सांगू?

खरे सांगा. काही मंडळ्यांत होता येते, आपल्या मंडळीत येत नसेल तर आज येत नाही, आणि अनेक माणसांना हे बदलावे असे वाटते. देवाला ती नको आहे म्हणून असा नियम आहे, असे मात्र तिला कधीही सांगू नका. मग तिच्याबरोबर रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय मोठ्याने वाचा. नावे अवघड आहेत. त्रुफैना आणि त्रुफोसा म्हणताना ती हसेल. तिला ती नावे पाठ होईपर्यंत पुन्हा वाचू द्या.